सड़सठ म्हणजे किती?

लग्न होऊन पुण्याहून काशीला आले, तेव्हा मी गणितात एम.एस्सी. झालेली होते आणि डोकं सदा तापलेलं असे. आमच्या दूधविनायक मोहल्ल्याच्या गल्ल्यांत रस्ता सापडत नसे, माझं हिंदी ऐकून भाजीवाला हसे. शेवटी नवऱ्याला ठणकावलं, "इथल्या मुलींच्या कॉलेजात शिकवायला मिळालं तर राहीन. नाहीतर पुण्याला जाऊन शिकवेन, तू बदली मागून ये." भिंती पातळ, त्यामुळे मामंजींनीही ते ऐकलं.

कॉलेजनं नमुन्याचा तास घ्यायला बोलावलं. मी विषय निवडला एका वीस आकडी संख्येचा. चौसष्ट वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यात एक मिळवायचा: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. ही मूळ संख्याच असणार, असं एका थोर गणितज्ञाला वाटलं होतं. पण तिचे दोन अवयव निघतात, एक सहा आकडी, एक चौदा आकडी. वर्गापुढे जाण्याआधी त्या दोन अवयवांचा गुणाकार मला स्वतः करून पाहायचा होता. घरातला कॅल्क्युलेटर आठ आकड्यांत गार व्हायचा.

म्हणून आदल्या दिवशी सकाळी गच्ची गाठली. सासूबाईंचे सांडगे कोपऱ्यात सरकवले आणि खडूनं फरशीवर मांडणी सुरू केली. अवयव छापलेल्या पुस्तकातले बारीक आकडे मला वाचून दाखवायला मामंजी बसले. सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेलेली. बोलणं मराठी, आकडे मात्र हिंदी.

"लिही, सूनबाई. सड़सठ, अट्ठाईस, शून्य चार, इक्कीस..."

दुपार होईपर्यंत गुणाकार झाला. १८१७२५६७०७३७०९५५१६१७. शेवटचे बारा आकडे बरोबर, पुढचे पार भलतेच.

"नाही जात मी उद्या!" खडू फेकून मी म्हणाले. "पुस्तकच चुकलंय."

मामंजींचा चेहरा उतरला. "एवढी मेहनत केलीस. एकदा फरक तर काढून बघ."

रागारागानंच वजाबाकी केली. २७४१७७, आणि मागे बारा शून्यं. मी पाहतच राहिले. २७४१७७ हा तर माझा लहान अवयवच! म्हणजे मोठ्या अवयवात, शेवटच्या बारा आकड्यांच्या अगदी पुढच्या घरात, मी एक कमी लिहिला होता.

"मामंजी, सड़सठ म्हणजे सहासष्ट ना?"

"अगं, सदुसष्ट! सहासष्ट म्हणजे छियासठ."

मला 'सड' ऐकून सहाच आठवले होते. मी फरशीवर बसून पोट धरून हसले, तेही हसले. इतकी चोख चूक माझ्या हातून आजवर झाली नव्हती, आणि मला तिचा अभिमान वाटला. सहाचा सात केला, शेवटपर्यंत सगळं जुळलं. मामंजींनी एकदा विचारलं, "मग जाशील ना उद्या?" मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळे आकडे मी हिंदीत म्हटले. मुली टक लावून ऐकत होत्या, मजा आली. तास संपल्यावर समितीतल्या बाईंनी विचारलं, "आप तो पूना की हैं. दो-चार महीने में घर लौट जाएँगी, तो हम क्या करेंगे?"

काय उत्तर द्यायचं, हे मी ठरवून नेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "घर तो यहीं है."

संध्याकाळी मामंजींना नोकरी लागल्याचं सांगितलं, आणि हे वाक्यही सांगितलं. नोकरीचं त्यांनी बहुधा ऐकलंच नाही. दुसरं मात्र परत एकदा म्हणायला लावलं.