आबांचा डावा हात

हे आजवर मी कोणाजवळही बोललेलो नाही. पत्नीजवळ नाही, देवापुढे नाही, आणि ज्या दोन माणसांना हे सांगणे माझे कर्तव्य होते त्यांच्याजवळ तर नाहीच. त्यांपैकी एक आता हयात नाही. दुसरी — तिच्याकडे मी येईन. आधी मला सुरुवात तरी करू द्या.

मी बारामतीला तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहितो. माझी शाळा अर्ध्यावर सुटली हे मी सहसा सांगत नाही. माझ्या अर्जातले वाक्य आजतागायत कोणा साहेबाने खोडले नाही, हे मात्र सर्वांना सांगतो. लोक मला भाऊसाहेब म्हणतात. ज्याला स्वतःचे गाऱ्हाणे मांडता येत नाही त्याचे मी मांडतो, असे मी म्हणत असे — आणि म्हणताना मान किंचित मागे घेत असे.

कचेरीत एक निवृत्त अधिकारी पेन्शनच्या कामासाठी येत. त्यांचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा लख्ख असे. ते आजही उघड्या वस्तऱ्याने दाढी करतात, असे त्यांनी एकदा सांगितले. सलूनवाल्यांकडचा ब्लेड बदलायचा वस्तरा नव्हे; अखंड पोलादाचा, चामडी पट्ट्यावर फिरवून धार लावायचा. "ब्लेडने काय, कोणीही करतो," ते म्हणाले. त्यात मला उद्देशून काहीच नव्हते. तरीही ते मला लागले. मी कोणीही नव्हतो ना? मोबाईलवरून मी तसाच वस्तरा मागवला, पट्टा मागवला, आणि शिकण्याच्या चित्रफिती पाहू लागलो.

त्यात सांगत — आधी फुगा फुगवा, त्याला फेस लावा, फुगा न फोडता फेस उतरवा. माझे फुगे फुटले. मग मी स्वतःच्या गालावर आलो. पाते त्वचेला किती तिरपे टेकवावे, त्वचा कोणत्या बोटाने ताणावी, हे चित्रात सोपे दिसते. आरशात हात उलटा चालतो. मी तुरटी चोळून, गालाला कागदाचे कपटे चिकटवून कचेरीत जाऊ लागलो. टपरीवरचा चहावाला ओरडला, "भाऊसाहेब, मांजर पाळलंय व्हय? मग जेवाय तरी घाला की त्याला!" बाकडे भरून माणसे हसली. ज्यांचे अर्ज मी लिहिले होते, तीसुद्धा.

ते हसणे घेऊन मी जळोचीला घरी आलो. आणि घरात आबा होते.

आबा म्हणजे माझे वडील. नोकरीभर ते नीरेच्या कालव्यावर पाटकरी होते. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचे ते पाहणारे. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो डावा हात. पण त्या हाताने ते सगळे बोलत. ओठांवर दोन बोटे म्हणजे पाणी. पंजा उघडला म्हणजे खिडकी उघडा. कपाळावर आडवा हात धरला म्हणजे कोण आले? कालव्याच्या भरावावरून लांबच्या शेतकऱ्याला खुणा करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांना हे शिकवावे लागले नाही. त्यांचे सारे माझी थोरली बहीण पाहत असे. आक्का. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. ती शाळेत कधी गेली नाही, पण त्या हाताचे अक्षर न् अक्षर तिला वाचता येई.

आता मी जे सांगणार आहे त्याला घरात आणि भावकीत सेवा म्हटले गेले. मी आक्काला म्हणालो, यापुढे न्हाव्याला बोलावू नकोस, आबांची दाढी मी करीन. तिच्या डोळ्यांत पाणी आले. शेजारचे तात्या चारचौघांत म्हणाले, "ल्योक आसावा तर आसा. न्हाय तर आमचं बघा — बापाला पानी द्यायचं तर मोबाईल खाली ठिवावा लागतो म्हनून रडतंय." मी नम्रपणे हसलो.

खरे काय होते? आबांच्या उजव्या गालाला जाणीव नव्हती. पहिल्या दिवशी मी तिथे चिमटा काढून पाहिला. ते हलले नाहीत. फुगा फुटतो, माझा गाल दुखतो — हा गाल फुटत नव्हता आणि दुखतही नव्हता. मी शिकत होतो ते या गालावर. बारीक रक्त आले तर तुरटी होतीच. आणि डावा गाल? तो मी साध्या ब्लेडने करीत असे. एकच माणूस, एकच तोंड, आणि दोन हत्यारे. म्हणजे मला सर्व ठाऊक होते. आक्काने एकदा विचारले, "अन्ना, हिकडं दुसरं आन तिकडं दुसरं का रं?" मी केसांच्या वळणाविषयी काहीतरी विद्वत्तापूर्ण बोललो. तिने मान डोलावली. आबांनी डोलावली नाही. त्यांचा डावा डोळा माझ्यावर खिळलेला असे. त्यातून पाणी वाहत असे. साबण गेला असेल, असे मी म्हणत असे. साबण उजवीकडे होता.

हळूहळू हात बसला. कचेरीत कपटे चिकटवून जाणे बंद झाले. चहावाल्याला दुसरे गिऱ्हाईक सापडले. मग एका सकाळी मी ठरवले की आता डावा गालही वस्तऱ्यानेच. त्या दिवशी कचेरीत मोठे काम होते, मी घाईत होतो, वस्तरा पट्ट्यावर नीट फिरवलेला नव्हता. पहिल्याच ओढीला तो अडकला. आबांच्या घशातून आवाज आला आणि डावा हात वर आला. त्याने माझे मनगट धरले. तो हात स्पष्ट बोलत होता. नको, एवढेच. लहान मुलालाही कळले असते.

मी तो हात खाली दाबला. त्यावर गुडघा ठेवला. होय — गुडघा. आणि पुढची ओढ घेतली. त्यांनी मान फिरवली, आणि पाते जबड्याखाली गेले.

फेस लाल होताना मी पाहत राहिलो. पडवीत आक्काच्या कळशीचा आवाज झाला. त्यानंतर मी जे केले ते करायला मला विचार करावा लागला नाही. त्याचीच मला आज सर्वांत जास्त भीती वाटते. वस्तरा निसटून त्यांच्या हाताशी पडला होता — नाही. असे लिहिणे म्हणजे पुन्हा अर्ज लिहिणे झाले. वस्तरा मी त्यांच्या हातात ठेवला. बोटे मिटवली. आणि ओरडलो, "आक्का, धाव! मी पाणी घ्यायला वळलो तेवढ्यात आबांनी काय केलं बघ!"

रिक्षातून बारामतीच्या दवाखान्यात नेले. टाके पडले, शीर वाचली होती. डॉक्टरांनी विचारले, मी उत्तर दिले. चांगले, सुसंगत, एकही शब्द जास्त नसलेले उत्तर. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात माणूस खचतो, पुन्हाही करू शकेल, लक्ष ठेवा. आबा खाटेवरून ऐकत होते. त्यांचा हात उठला आणि माझ्याकडे रोखला गेला. आक्का रडत म्हणाली, "तुलाच बोलावत्यात, अन्ना. जा की जवळ." मी जवळ गेलो. काय करणार होतो?

घरी आणल्यावर तात्यांनी सुचवले, "हात बांधा. दुसरा विलाज न्हाय. तुमी किती येळ राखन करनार?" आक्का माझ्याकडे पाहू लागली. घरातले निर्णय माझे असत. मी म्हणालो, "बांध."

तिने आपले जुने मऊ लुगडे फाडून पट्टी केली आणि तो हात खाटेच्या गजाला बांधला. जेवताना सोडायचा, जेवण झाले की बांधायचा. आता पाणी कसे मागणार? ती आपल्या अंदाजाने पाजत असे. अंदाज चुकला की ते तोंड फिरवत, आणि तिला वाटे की आपल्यावर राग आहे. न्हावी आला तर तिने त्याला दारातूनच परत लावले; या घरात वस्तरा नको म्हणाली. जन्मभर स्वच्छ हनुवटीने वावरलेल्या माणसाला दाढी वाढली. ती खाजे. ते गाल उशीला घासत.

आक्का मात्र एकच गोष्ट उगाळत बसे. "माज्या हातचं खाऊन खाऊन कटाळलं का गं आबा? काय कमी पडलं का माज्याकडनं?" शेजारणी तिला समजावत. मीही समजावले. विश्वास बसेल का तुमचा? मी तिला समजावले.

एका दुपारी ती दळणाला गेली होती. आबांना जेवू घालायचे माझ्याकडे होते. मी पट्टी सोडली. हात थेट माझ्या चेहऱ्याकडे आला. मी डोळे मिटून घेतले. मारतील असे वाटले, आणि मारावे असेही वाटले. त्यांनी मारले नाही. बोटे माझ्या गालावरून खालून वर, केसांच्या उलट दिशेने फिरवली. न्हाव्याने दाढी केल्यावर माणूस पाहतो, तशी. माझा गाल गुळगुळीत होता. वस्तऱ्याने आता मला कोठे खरचटतही नसे. मग त्यांनी तोच हात आपल्या दाढीला लावला, आणि माझ्याकडे पाहिले.

दारात आक्काच्या चपला वाजल्या. मी हात खाली घेतला आणि बांधला. त्या दिवशी गाठ माझी होती.

आबा तसेच गेले. मूळ गाव इंदापूर तालुक्यातले, म्हणून दहावा नरसिंहपूरला संगमावर केला. माझे डोके, मिशी उतरवली गेली. पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एकही खाली येईना. गेलेल्याची इच्छा मागे अडली असली की कावळा शिवत नाही, हे आपण सारेच मानतो. म्हणून एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा असतो. तात्या बोलले. भावकीतले बोलले. मला पुढे ढकलले गेले. तोंडापर्यंत आले होते. एक वाक्य. चार शब्दांचे. मी मोठ्याने म्हणालो, "आबा, आक्काला मी कधी अंतर देणार नाही." कावळे जागचे हलले नाहीत.

मग आक्का पुढे झाली. पदर पसरून म्हणाली, "आबा, माजंच काय तरी चुकलं आसंल. पदरात घ्या. आजपासनं मी ग्वाड सोडलं."

आणि कावळा आला. कशाने आला? भुकेने आला असेल. ऊन चढले होते, माणसे मागे सरली होती. पण जमलेल्या प्रत्येकाने एकमेकांकडे पाहिले आणि सुटकेचा श्वास सोडला. तात्या हळूच म्हणाले, "बघा, पोरीवरच जीव आडला हुता." तिनेही ते ऐकले. तिच्या चेहऱ्यावर काय उमटले ते मी पाहिले. त्याला मी दुःख म्हणू शकत नाही. तिला तिचा गुन्हा सापडला होता.

मी शेजारीच उभा होतो, उघड्या डोक्याने. अजूनही एक वाक्य पुरले असते.

त्याला आता काही वर्षे झाली. आक्का माझ्याच घरात आहे. परवा माझ्या मुलीची सुपारी फुटली, तेव्हा पेढ्याचा खोका घेऊन मी तिच्यापुढे गेलो. तिने हात जोडले. "मला नगं, अन्ना. मी आबाला शब्द दिलाय." पाहुण्यांनी कौतुकाने तिच्याकडे पाहिले. मी खोका पुढच्या माणसापुढे धरला.

आज हे सारे लिहून काढले तेव्हा ती समोर शेंगा निवडत बसली होती. तिने विचारले, "कुनाचा अर्ज हाय?" मी म्हणालो, "आहे एकाचा."

तिला वाचता येत नाही. मी तिला वाचून दाखवलेले नाही.