सुकेळीचा सॉस

आमच्या घरात निखारे माझ्याकडे आणि सॉस बायकोकडे, ही वाटणी पस्तीस वर्षांची. मी करवंट्या पेटवायच्या, जाळीवरच्या तंगड्या उलटसुलट करायच्या आणि जेवताना काहीतरी खोट काढायची. बाकी सगळं तिचं. मी वसईचा वाडीवाला, केळी-नारळांत वाढलेला. ती कळंबची, मासेमारीवर जगणाऱ्या घरातली. आंबट-तिखट ती माहेरून घेऊन आली, गोड तिला आमच्या वाडीने दिलं. म्हणून तिच्या सॉसमध्ये साखर नाही की गूळ नाही. राजेळी केळी उन्हात वाळवून आम्ही सुकेळी करतो. ती चिंचेच्या कोळात भिजवायची, लसूण आणि सुक्या मिरच्यांबरोबर वाटायची, शिरका घालून मंद आचेवर आटवायची. हा कोंबडीचा आणि मटणाचा सॉस. मासळीचा वेगळा: कोकमाचं आगळ, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर. त्यात गोडाचा थेंब तिला खपत नसे. "पापलेटाचा काय लाडू करायचाय?" असं फटकन विचारायची.

होळीनंतर ती कॅनडाला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. तीन महिने म्हणून गेली, तिनाचे सहा झाले, मग मुदत वाढवून घेतली आणि नाताळ तोंडावर आला. दर फोनला लेक विचारायची, "पप्पा, तुमचं कसं चाललंय?" आणि मी दर वेळी सांगायचो, "एकदम झकास." झकास कसलं? अंडी उकडत होतो आणि शेजारच्यांनी आमटी आणून दिली की वरवर नको नको म्हणत होतो. चप्पल काढता काढता तिला हाक मारायची सवय काही जात नव्हती. हाक मारायचो आणि स्वतःवरच चिडायचो. पण फोनवर हे सांगेन तर शपथ. आमच्या घराण्यात बायकोची आठवण येते असं पुरुषाने बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी न राहवून मी सॉस करायला घेतला. डब्यात तिने ठेवलेली सुकेळी होती, ती भिजवली, वाटली, आटवली. मग मोठ्या तोऱ्यात कच्च्या तंगड्यांना चोपडून जाळीवर टाकल्या. पाच मिनिटांत बाहेरून कोळसा, आतून कच्च्या. फोनवर दाखवल्या तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अहो, गोड हाय ते, जलनारच! आधी कोंबडी शिजू द्या. निखाऱ्यांवर राख धरली का मंग लावा. आनि तो ब्रश नको, गवती चहाची जुडी घ्या, बुडखा ठेचा."

पुढच्या रविवारी मी तिचं अक्षरशः ऐकलं. राख धरेपर्यंत कळ काढली, ठेचलेल्या जुडीने सॉस लावला, एकदा उलटवून पुन्हा लावला. रंग चढला, कडा किंचित चिकटल्या. पहिला घास घेतला आणि हात तिथेच थांबला. तीच चव होती. मला आनंद व्हायला हवा होता, झालं उलटंच. ती नसताना ही चव माझ्या हातून उतरली, म्हणजे आता तिच्यावाचून चालू शकतं की काय, या विचाराने मी धास्तावलो. तरी दोन तंगड्या खाल्ल्याच.

दिवेलागणीला फोन आला. तिथे सकाळ. लेकीच्या मांडीवर नातू होता.

"पप्पा, जमला का सॉस? जमला असेल तर आईला मे महिन्यापर्यंत राहू द्या ना. मला कामावर परत जायचंय. पुढच्या आठवड्यातलं तिकीट बदलायचं तर आजच कळवायला लागेल. तुम्ही तर मस्त मॅनेज करताय."

नऊ महिने मीच तिला हे पढवलं होतं. करावं तसं भरावं.

"कसला जमतोय!" मी म्हणालो. "पुन्हा करपला. उपाशी बसलोय."

बायको पडद्यावर आली. चष्मा वर करून तिने निरखून पाहिलं.

"मंग मिशीला काय लागलंय?"

मी तळहाताने मिशी पुसली. तो गोड-आंबट वास हाताला लागला आणि पुढे काही रचून सांगायचं बळ राहिलं नाही.

"जमलाय," मी म्हणालो. "अगदी तुझ्यासारखा जमलाय. पण तू ये. मला करमत नाही."

तिने वर केलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाली, "एवढं बोलायला नव महिने लागले तुम्हाला?"

आणि लेकीकडे वळून तिने सांगितलं, "तिकीट हाय तेच ऱ्हाऊ दे."

लेकीचा चेहरा उतरला. नातवाला तिने घट्ट धरलं आणि ती बरं म्हणाली. हे सगळं मला दिसत होतं. राहू दे गं, आणखी थोडे दिवस ठेव आईला, असं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.