दारात राहिलेली किल्ली

मेखाकना त्या वर्षी एकच हवं होतं. हिवाळा येरेवानला लेकीकडे काढायचा. गुडघ्यांनी संप पुकारला होता, आणि लेक तागुही न्यायला आलीही होती. आड येत होती ती मठाची लोखंडी किल्ली.

आर्मेनियातल्या ख्नकाहोव गावचा हा ख्रिस्ती मठ अर्धा बांधलेला, अर्धा कड्यात कोरलेला. पुढच्या दालनात एकमेकींना छेदणाऱ्या चार कमानी आणि त्यांच्या मधोमध छताला उजेडासाठी ठेवलेलं भोक. हे भोक ठेवलं तेव्हा खाली भिक्षू राहत, त्यामुळे आत पडलेलं बर्फ झाडायला हात भरपूर होते. आता झाडायला एकटे मेखाक. बर्फ साचलं की वितळून भिंतीत मुरतं, पुन्हा गोठतं आणि दगड फोडतं. भूकंपात घुमट कोसळला तरी ह्या कमानी तगल्या होत्या. त्या पाण्याने जाव्यात, हे मेखाकना बघवलं नसतं. सोव्हिएत राजवटीत मठ बंद करून आत मेंढ्या कोंडल्या जात, त्या काळात त्यांच्या आजोबांनी किल्ली पिठाच्या कणगीत लपवली, तेव्हापासून ती ह्याच घरात. गावचा रिवाज असा की किल्ली कुणाच्या गळ्यात मारायची नाही. ज्याला हवी, त्याने येऊन मागायची.

मागायला कुणी येत नव्हतं.

नवसाच्या जेवणाला सारं गाव मठाच्या अंगणात जमलं. मेखाकनी शेजारच्या ओहानपाशी विषय काढला.

"तुझे गुडघे अजून धड दिसतात रे."

"किल्ली घेतली नाही म्हणूनच, दादा!" ओहान मटण लव्हाशच्या पातळ रोटीत गुंडाळत म्हणाला. सगळे हसले.

ओहानची बायको सातेनिक म्हणाली, "तुमच्याविना मठ म्हणजे मिठाविना मटण. शंभर वर्षं जगा आणि असंच सांभाळा."

हा आशीर्वाद म्हणायचा की शिक्षा, ते मेखाकना कळेना.

पांगापांग झाल्यावर ते आत गेले, मेणबत्त्या विझवल्या आणि वेदीकडे पाठ न करता नेहमीसारखे उलट्या पावलांनी, ठेंगण्या दारातून वाकून बाहेर आले. कुलूप लावलं. किल्ली कुलुपातच ठेवली.

"किल्ली, बाबा?" तागुहीने गाडी सुरू करताना विचारलं.

"दिली कुणाला तरी. चल लवकर."

पुलाजवळ मागून हॉर्न वाजू लागला. ओहानची जीप होती. सातेनिक उतरून धावत आली, पदराखालचं बाळ जपावं तशी किल्ली दोन्ही हातांत धरून.

"दादा! अहो, दारातच विसरलात की! वेळेवर दिसली म्हणून बरं."

"वयच आहे, व्हायचंच असं," ओहान म्हणाला. दोघांच्याही तोंडावर उपकार केल्याचा आनंद मावत नव्हता.

"ओहान, मी ती मुद्दाम..."

"आभार नकोत हो, दादा!"

तागुही बापाकडे बघत राहिली. समोरच्या काचेवर बर्फाची पहिली भुरभुर येऊन टेकली. छताच्या भोकातून ती आता मठातही पडत असणार. मेखाकनी किल्ली घेतली. सातेनिकच्या हातांनी ती उबदार झाली होती.

"तू हो पुढे, पोरी," ते खाली उतरत म्हणाले.

ओहानने लगबगीने जीपचं दार उघडून धरलं.

"बसा, दादा. वरपर्यंत सोडतो. एवढं तरी करायलाच हवं आम्ही."