छत्तीस एकच हाय

टीव्हीवर कुणी एका षटकात लागोपाठ तीन षटकार मारले, की आमच्या आंजी गावच्या पानठेल्यावर वाद पेटायचा. सहाच्या सहा आता पुन्हा कोण मारेल? तो धिप्पाड डावखुरा, की नवा आलेला बारीक अंगाचा पोरगा? आवाज चढले, की कुणीतरी म्हणायचं, "भाऊले विचारा." समोरच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात भाऊ तांब्याची तार गुंडाळत बसलेले असायचे. ते मान वर न करता विचारायचे, "बॅट्समनचं राहू द्या. बॉलर कोण हाय?"

हे विचारायचा हक्क अख्ख्या जिल्ह्यात त्यांना एकट्यालाच होता. तरुणपणी सेलूच्या मैदानावर त्यांच्या एका षटकात सहा षटकार बसले होते, तेव्हापासून ते छत्तीस. केस पिकल्यावर लोकांनी मागे ‘भाऊ’ जोडलं, एवढाच काय तो मान. त्यांचं खरं नाव प्रल्हाद आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, तेही नव्या पोस्टमननं पत्ता विचारला म्हणून.

मारणाऱ्यांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "चौथा सिक्स मारून जो पब्लिककडं पाहून हसते, तो गेला समजा. त्याले उद्याचा फोटो दिसून राह्यला. जो खाली मुंडी घालून पिच ठोकते, त्याले भ्याजो." मी मोबाइल काढून मोठमोठी नावं पुढे करायचो. भाऊ एकेकाला कटवायचे. हा रागीट आहे, त्याला दम नाही, तिसऱ्याला आपलं नाव ऐकायची फार हौस. माझी यादी संपली, की म्हणायचे, "जगाचं मले नाई माहीत. आपल्या इकडं मारन तं सिंदीचा बंटी मारन." सिंदीच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून बंटीचे खांदे दारात मावेनासे झाले होते, हे खरं. पण टेनिस बॉलवरचा बंटी आणि टीव्हीवरचे ते बहाद्दर एका रांगेत! मी खो खो हसलो होतो. भाऊ हसले नाहीत.

छत्तीस म्हटल्यावर ते स्वतः ओ द्यायचे, त्यामुळे आम्हाला वाटायचं, माणसानं हे पचवलं आहे. कसलं पचवलं! त्या षटकानंतर महिन्याभरात नागपूरला निवड चाचणी होती. ते गेलेच नाहीत. मुलगी पाहायला गेले, तर तिचा भाऊ चहाचा कप हातात देत म्हणाला, "तुम्हीच काय ते, छत्तीसवाले?" हे सगळं ते रंगवून सांगायचे, आम्हीही पोट धरून हसायचो. पण त्यांचा मुलगा राहुल याला शाळेत पोरं ‘छत्तीसचा पोट्टा’ म्हणून छळायची आणि तो रोज शर्ट फाडून घरी यायचा, हे सांगताना त्यांच्या हातातली तार थांबायची. "मले म्हणा ना बाप्पा. पोराले काऊन?" राहुल पुढे पुण्याला नोकरीला लागला आणि गावाकडे येईनासा झाला. आला तरी मैदानाकडे फिरकत नसे.

हे सगळं ठाऊक असल्यामुळेच त्या दिवशी माझं धाबं दणाणलं.

जयंतीच्या टुर्नामेंटची फायनल होती, आंजी विरुद्ध सिंदी. मी आंजीचा बॉलर, समोर बॅट घेऊन बंटी. पुढच्याच महिन्यात मी गावच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होणार होतो. पहिला षटकार बसला तेव्हा मी कप्तानाकडे पाहून खांदे उडवले. दुसरा तुरीच्या वावरात गेला. तिसऱ्यानंतर माइकवरच्या माणसाचा आवाज पिसाळला. चौथा चांगल्या चेंडूवर बसला. बंटीनं मान वर केली नाही. खाली पाहत बॅटनं जमीन ठोकत राहिला.

पाचवा मी हळू टाकला. तो मंडपावरून गेला.

मग जे झालं त्याला आवाज म्हणत नाहीत. माणसं दोरीपर्यंत सरकली. मोबाइल वर झाले. आमच्याच गावची पोरं ओरडत होती, "होऊ दे बंटी, होऊ दे!" त्यांचा तरी काय दोष, असं पाहायला पुन्हा कधी मिळतं? मला मात्र वर्ग दिसत होता. फळ्याकडे तोंड करून मी उभा आहे आणि मागून बारीक आवाज येतोय, छत्तीस. उद्या बायको येईल, तिला म्हणतील. लेकरू होईल, त्याला म्हणतील. चेंडू हातात होता. लवकर टाकून मोकळं व्हावं, एवढंच सुचत होतं.

तेवढ्यात दोरी ओलांडून भाऊ आत आले. हातात पाण्याची बाटली. अंपायर आडवा झाला, "भाऊ, असं मधात नाई येता येत." ते त्याला म्हणाले, "पाणी देऊन राह्यलो, बंदूक नाई." आणि सरळ माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"पे."

मी प्यालो.

"मी सहावा बॉल घाईनं टाकलता," ते हळूच म्हणाले. "मले फक्त संपवाचं होतं. तू घाई नको करू."

"भाऊ, तो हसून नाई राह्यला."

"पाह्यलं मी. अवघड हाय." खोटा धीर देणं त्यांना कधी जमलंच नाही.

"कुठं टाकू?"

"तुले जो येते तो टाक. गेला तं गेला. मी हाय इथं."

ते गेले आणि मी उभा राहिलो. श्वास जागेवर येईपर्यंत उभा राहिलो. अंपायर खेकसला तरी हललो नाही. मग धावत जाऊन यॉर्कर टाकला, आयुष्यातला सगळ्यात चांगला. अजूनही म्हणतो, तो चेंडू कुणालाही पुरला असता. बंटीची बॅट कशी कोण जाणे त्याच्या खाली गेली. चेंडू उंच उडाला, लाँग ऑनचा आमचा गडी मागे मागे गेला, दोरीवर उडी मारली. त्याच्या बोटांना चेंडू लागलेला मी पाहिला. आणि चेंडू पलीकडे पडला.

मैदानात माणसांचा लोंढा घुसला. बंटी खांद्यांवर चढला. माइकवाला किंचाळत होता, "छत्तीस! आंजीले दुसरा छत्तीस भेटला!" मी खाली बसलो होतो. मग माइकवर खरखर झाली आणि वेगळाच आवाज आला, शांत, जरा दमलेला.

"छत्तीस एकच हाय. तो मी. त्या पोट्ट्याचं नाव मंगेश हाय, आणि त्याचा शेवटचा बॉल तुमच्यातल्या कोणाले टाकता येते ते सांगा."

लोक हसले. दुसऱ्या दिवशी मी पानठेल्यावर गेलो, तर एकानं हाक मारलीच, "काय बे छत्तीस!" मी उत्तर देण्याआधी समोरच्या दुकानातून आवाज आला, "हो, बोल." भाऊ पक्कड हातात धरून दारात उभे. "मले हाक मारली ना? काय काम हाय?" तो पान तोंडात कोंबून निघून गेला. असं किती वेळा झालं असेल! शाळेच्या फाटकाशी, लग्नाच्या पंगतीत, माझ्या वरातीतसुद्धा. कुणी मला छत्तीस म्हटलं आणि भाऊ ऐकण्याइतके जवळ असले, की तेच ओ द्यायचे. इतक्या शांतपणे, की चिडवणाऱ्याची मजाच जायची. हळूहळू लोकांना कंटाळा आला आणि मी मंगेश सर झालो. माझ्या मुलीला शाळेत या नावानं कधीच कुणी चिडवलं नाही. मी भाऊंना एकदा विचारलं, तुम्ही हे काऊन करता? ते चिडले. "नाव मायं हाय. फुकटात तुले काऊन देऊ?"

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला राहुल आला होता. बोलायला उभा राहिला आणि त्याला बोलता आलं नाही, म्हणून मी उभा राहिलो. बंटी मागे भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. मला त्या माणसाची इतकी आठवण येते, की दुकानावरून जाताना मी अजून मान वळवत नाही.

परवा पानठेल्याजवळच्या स्टँडवर बसची वाट पाहत होतो. रस्त्यापलीकडून कुणीतरी जोरात हाक मारली, "ए छत्तीस!" माझ्याच वयाचा माणूस, जुना खेळाडू असावा, माझ्याकडेच पाहून हसत होता. माझी मान आपोआप भाऊंच्या दुकानाकडे वळली. स्टँडवरची चार माणसंही तिकडेच पाहू लागली. दुकानाचं शटर खाली होतं. आम्ही सगळेच ज्याची वाट पाहत होतो, तो आवाज आला नाही.

मग मी हात वर केला आणि म्हणालो, "हो, बोल. मीच हाय."