मुलगी दाखवायची साडी

जुन्या जालन्यात आम्ही राहायचो त्या गल्लीत मुलगी दाखवायची एक साडी होती. साडी शेजारच्या मारवाडी भाभींची, पण वापर गल्लीचा. मोरपंखी रंग, जरीचा काठ. भाभींच्या सासऱ्यांचं कापडाचं ठोक दुकान होतं, त्यामुळे एक साडी कायम दुसऱ्यांच्या घरी असते याचं त्यांना काही वाटायचं नाही. "घेऊन जा ना, विचारायचं काय त्यात," म्हणायच्या आणि वर ब्लाऊजही द्यायच्या. ती साडी नेसून बसलेल्या तीन मुली पहिल्याच बैठकीत पसंत पडल्या होत्या. चौथी मी. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल.

मी तेव्हा एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळेत साडीच लागायची आणि पगारात सुतीच परवडायची. ब्लाऊज मात्र मी कटपीसच्या दुकानातून शर्टाचं कापड आणून घरीच शिवायची. साडी साधी असली की ब्लाऊज चौकडीचा. साडी फुलाफुलांची असली की ब्लाऊज साधा आणि रंगानं तिच्याशी फटकून वागणारा. मॅचिंग म्हणजे काय ते मला कळत होतं, फक्त आवडत नव्हतं. घरात आरसा एकच, वडिलांच्या दाढीचा. त्यात एका वेळी एक खांदा दिसायचा. तेवढं बघून मी निघायची. दिवसभर फळ्यावर लिहायला हात वर केला तरी कुठे काही ओढायचं नाही, काही सुटायचं नाही. मी चांगली दिसते असं माझं मत होतं. तसं कुणी म्हटलं नव्हतं, पण मी कुणाला विचारलंही नव्हतं.

आईचं मत वेगळं होतं. आमचं मूळ गाव हसनाबाद. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडतीवर कामाला लागले म्हणून आम्ही जालन्यात आलो. शहरात राहायचं तर शहरासारखं नीट राहावं, असं आईला वाटे. "काळ्या साडीवर पिवळा ब्लाऊज," ती म्हणायची. "लोकं म्हणतील, हिच्या मायला ब्लाऊजपुरतं बी कापड भेटलं न्हाई."

त्यामुळे पाहुणे येणार म्हटलं की आई भाभींकडे जायची. भाभी माझ्याहून दुप्पट. त्यांचा ब्लाऊज मला पाठीत पिना लावून बसवावा लागे. मग मी पाठ टेकायची नाही, वाकायची नाही आणि पोह्यांच्या बशा अंगापासून लांब धरून आणायची. नाव, शिक्षण, स्वयंपाक, एवढ्याचीच उत्तरं द्यायची. खोल श्वास घेतला तर पिन टोचायची. पहिल्या पाहुण्यांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं, दुसऱ्यांनी काहीच कळवलं नाही. आईनं विचार केला आणि दोष माझ्या निऱ्यांना दिला. साडीला तो देता येत नव्हता, साडीचं आधीचं काम चोख होतं.

तिसरे पाहुणे वाटूरचे. मुलगा, त्याचे वडील आणि मावशी. मी बशा ठेवल्या, पाटावर बसले. मावशी माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. आईचा चेहरा खुलला.

"ही साडी म्या पाह्यल्याली हाये," मावशी म्हणाल्या.

आई माझ्या निऱ्यांकडे बघू लागली.

"मागं आमच्या पुतण्यासाठी याच गल्लीत एक पोरगी पाह्यला आल्तो. तिच्या अंगावर हीच व्हती. पसंत बी पडल्ती, पर देण्याघेण्यावरून मोडलं. पदराला कोपऱ्यात रफू असंल, बघ बरं."

मी पदर बघितला. कोपऱ्यात रफू होतं. मावशींना आनंद झाला. त्यांनी ते मुलाच्या वडिलांना दाखवलं, वडिलांनी मुलाला दाखवलं, आणि मुलानं त्या सबंध भेटीत निरखून बघितलेली गोष्ट तेवढीच. मग त्या पोरीचं कुठे जमलं, तिला मूलबाळ काय, अशी चौकशी झाली. माझं शिक्षण विचारायचं राहून गेलं. जाताना मावशी आईला म्हणाल्या, "साडी मोठी छान हाये," आणि ते त्या मनापासून म्हणाल्या.

आई दोन दिवस गल्लीत खालमानेनं वावरली. मला मात्र हसू येत होतं, आणि हसू ओसरलं की राग येत होता. तीन घरची माणसं माझ्या घरी येऊन, माझ्या हातचे पोहे खाऊन गेली होती, आणि त्यातल्या एकाशीही मी धड बोलले नव्हते. यापुढे मी माझ्या कपड्यांत बसेन, असं मी सांगून टाकलं.

"शाळंत जायच्या साडीवर?" आई म्हणाली. "बिलकुल न्हाई. पाहुण्यांला काय वाटंल?"

"काय वाटायचं ते वाटू दे."

"मंग बस आयुष्यभर मास्तरीण होऊन."

वडील घरात फारसे बोलत नसत. अडतीवर दिवसभर धान्याच्या भावांची ओरड ऐकून त्यांचा बोलण्यातला रस गेला होता. ते जेवता जेवता म्हणाले, "बसू दे तिला." आई भांडी आपटत राहिली.

पुढचे पाहुणे भोकरदनहून आले. मुलगा सरकारी कचेरीत कारकून. मी कोळशाच्या रंगाची सुती साडी नेसले, वर हळदीच्या रंगाचा चौकडीचा ब्लाऊज. बशा दिल्या आणि मांडी घालून निवांत बसले. मुलानं विचारलं, "कितवीला शिकवता?" मी म्हटलं, "दुसरीला, पण चौथीच्या बाई रजेवर असल्या की दोन्ही वर्ग एकाच खोलीत." तो म्हणाला, "मग शिकवता कुणाला?" मी म्हटलं, "जो ऐकेल त्याला." तो हसला. मीही हसले. त्याच्या शर्टाची झिजलेली कॉलर उलटी फिरवून शिवलेली होती, ती मला दिसली आणि आवडली. माणूस बरा वाटला. बरा काय, चांगलाच आवडला. अर्धा तास आम्ही शाळेवर आणि कचेरीवर बोललो, आईनं दारातून दोनदा डोळे वटारले तरी बोललो. ते गेल्यावर मी बशा विसळताना गुणगुणत होते. होकार येणार यात मला शंका नव्हती.

आठवड्यानं मध्यस्थ आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "त्यांचं न्हाई म्हणणं हाये. पोरगी चांगली हाये म्हणले. पण पोराच्या मनात भरली न्हाई."

आधीच्या नकारांनंतर मी रात्री व्यवस्थित झोपले होते. ते नकार माझे नव्हतेच. पिना लावलेल्या, श्वास रोखून बसलेल्या कुणा बाईला ते आले होते, आणि तिची माझी फारशी ओळख नव्हती. हा मात्र मला होता. माझा आवाज ऐकून, माझं बोलणं ऐकून, मला नीट बघून त्या माणसानं नाही म्हटलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खूप रडले. कणीक तशीच राहिली.

आई आत आली. तिनं कणकेची परात स्वतःकडे ओढली. माझ्याकडे न बघता, बऱ्याच दिवसांनी मऊ आवाजात म्हणाली, "बाई, पुढल्या खेपेला आणू का भाभीची साडी? तिच्यात एवढं लागत न्हाई जिवाला."

तिला कळलं होतं, हे मला तेव्हा समजलं. सगळंच कळलं होतं.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "नको. ज्याला नाही म्हणायचंय त्यानं मला बघून म्हणावं."

त्यानंतर आणखी दोघांनी नाही म्हटलं. दोघांनीही मला बघून.