वल्ह्याजवळची फळी

रोज एकाच होडीत बसणाऱ्यांचे किस्से होडीच्या तळातल्या पाण्यासारखे साचत जातात. अधूनमधून उपसावेच लागतात!

सत्तरच्या दशकात मी मुळशी धरणापलीकडच्या शाळेत भूगोल शिकवायचो. दगडूबाबांच्या होडीतून रोज जायचं. वल्ह्याजवळची मानाची फळी माझी! मग जहाजावर बारा वर्षं खलाशी राहिलेले इस्माईलभाई गावी परतले आणि पलीकडच्या वाड्यांवर कापड विकायला येऊ लागले. पहिल्याच दिवशी दगडूबाबा म्हणाले, "गुरुजी, जरा मागं सरका. ह्ये समुद्रावरचं हायेत!"

सरकलो. पण असला जळफळलो म्हणून सांगू!

*

धरणाच्या मध्यावर, पाण्याखाली, दगडूबाबांचं बुडालेलं गाव. तिथं आलं की ते वल्ही उचलायचे आणि सगळ्यांनी पायताण काढायचं. मी नवा असताना विसरलो, तर चपला निघेपर्यंत होडी हलली नव्हती. इस्माईलभाई बूट घालून बसले तेव्हा मला केवढा आनंद झाला!

"ऱ्हाऊ द्या," दगडूबाबा म्हणाले, "पावनं हायेत."

*

भाईंचा आवडता विषय इंडोनेशिया. "हजारो बेटं! तितलं सरकार म्हनतंय, बेटांमधला समुद्र बी आमचाच देश. परक्या जहाजानं आमच्या कायद्यानं जायचं!"

"हे मी सातवीला शिकवतो," मी ठणकावलं.

"तुमी तर समुद्रानं तुकडं पाडलेला देश म्हनला व्हता!" दगडूबाबा म्हणाले.

म्हणालो होतो. पुस्तकात तसंच होतं.

*

ईर्ष्येनं मी शाळेतला इंडोनेशियाचा नकाशा आणून होडीत उलगडला. वारा आला, नकाशा पाण्यात! भाईंनीच वाकून काढला. निळा रंग पसरून सगळ्या बेटांवर चढला होता.

"बगा गुरुजी," भाई म्हणाले, "मी काय सांगत व्हतो!"

*

एकदा शाळा तपासायला साहेब आले. होडीत आमचा तोच वाद ऐकून त्यांनी विचारलं, "बेटांच्या देशात पाणी कुणाचं?"

मी तोंड उघडलं. भाईंनीही उघडलं. तेवढ्यात दगडूबाबांनी वल्ही उचलली. "साहेब, बूट काढा. गाव आलं."

"इथं तर नुसतं पाणी आहे!"

"ही गावची येस. त्यो मारुती. त्येच्यामागं आमचं घर."

साहेबांनी मुकाट्यानं बूट काढले. त्या दिवशी भाईंनीही काढले.

"बाबा, हा भूगोल तुम्हाला कुणी शिकवला?" साहेबांनी विचारलं.

मी ताठ बसलो. शेजारी भाईही ताठ बसले. दगडूबाबांनी वल्हं आमच्या दोघांच्या मधून खाली पाण्याकडं केलं.

"बानं. हितंच, आमच्या ओसरीवर."