वच्छलेची टिपरी

बायकोच्या हातात लाटणं पाहून घाबरणाऱ्यांपैकी मी नाही. अमरावतीच्या एका शाळेत मी आयुष्यभर पी.टी. शिकवली, मैदानभर पोरं एका शिट्टीत रांगेत उभी केली. पण एका सकाळी आमची वच्छला स्वयंपाकघरात फतकल मारून लाटण्यानं कुलूप ठोकत होती आणि पोळ्यांचा कुठे पत्ता नव्हता, तेव्हा माझाही धीर सुटला.

"काय करून राहिली तू?"

"कुलूप उघडून राहिली."

"किल्ली नाही काय त्याची?"

"किल्लीनं त कोनीबी उघडते."

मी चहा स्वतःच करून घेतला.

हे खूळ तिच्या डोक्यात घातलं माझ्या भाच्यानं, अकोल्याच्या ईशाननं. दिवाळीला आला तो लॅपटॉप घेऊन. त्यावर त्यानं एक परदेशी माणूस दाखवला. तो गोरा मनुष्य कुलपात एक खास कानसलेली किल्ली घालतो, मागून टकटक करतो, आतल्या खिट्ट्या उडतात आणि कुलूप जांभई दिल्यासारखं उघडतं. ईशान म्हणाला, "मामी, तुमच्या दाराचं कुलूपही असंच उघडते." बस्स. आमच्या दाराला कोणी नावं ठेवावीत आणि वच्छलेनं ऐकून घ्यावं, हे होणे नाही. तिनं हट्टानं एक तशी किल्ली त्याच्याकडून मिळवली, आणि त्या दिवसापासून आमच्या घराची शांतता गेली.

कारण किल्ली होती, पण ठोकायचं कशानं? परदेशी माणसाच्या हातात एक लवचीक दांड्याचं चिमुकलं हत्यार होतं. ते आमच्या इतवारा बाजारात कुठून मिळणार? मग घरातल्या एकेका वस्तूची परीक्षा सुरू झाली. लाटणं फार टणक निघालं. पळी वाकली. बत्त्यानं कुलपाऐवजी माझा अंगठा हाणला, कारण कुलूप मी धरलं होतं. कपडे धुवायची मोगरी उचलली तेव्हा मी सरळ अंगणात पळालो. माझे शाळेतले लाकडी डंबेल्स मी वर्षानुवर्षं तेल लावून जपले होते, त्यातला एक तिनं घेतला आणि म्हणाली, "यात उसळी नाही." उसळी! त्या डंबेल्सवर माझ्या पोरांनी जिल्ह्यात नाव काढलं होतं. मी दुपारभर तिच्याशी बोललो नाही. तिला ते समजलंच नाही, कारण ती चपलेच्या टाचेनं ठोकण्यात गुंग होती.

"वजन नाही पायजे," ती स्वतःशीच म्हणायची. "टिचकी पायजे. ठोका द्याचा अन् लगेच मांगं याचं."

चपलेनं मात्र एक कुलूप उघडलं. वच्छला अशी किंचाळली की शेजारच्या बायका साप निघाला समजून काठ्या घेऊन आल्या. दुसऱ्या कुलपाला चपलेनं दाद दिली नाही, पण आता तिला थांबवणारा कोणी राहिला नव्हता.

कुलपं यायची ताहेरभाईंच्या दुकानातून. ताहेरभाई बोहरी, हार्डवेअरचे जुने व्यापारी, बोलताना अर्धे वऱ्हाडी, अर्धे हिंदी. किल्ल्या हरवलेल्या, पण वच्छलेची किल्ली आत जाईल अशा कुलपांचं एक खोकं त्यांनी तिला देऊन टाकलं होतं. एकदा तिनं त्यांच्याच काउंटरवर, गिऱ्हाइकासमोर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं एक कुलूप उघडून दाखवलं. गिऱ्हाईक नवं कुलूप न घेताच निघून गेलं.

"भाभी, रहम करो," ताहेरभाई हात जोडून म्हणाले. "फावडे बिकते नहीं, फवारे बिकते नहीं. या सालात फक्त ताले चालून राहिले, अन् तुमी त्याच्यावरच हात टाकता?"

खरंच होतं ते. त्या वर्षांत शेतीनं माणसांचा दम काढला होता. तालुक्यातली घरंच्या घरं कुलूप लावून पुणे-सुरतेला निघाली होती. शेवटी जाताना लोक ताहेरभाईंकडूनच कुलूप घेऊन जात. ताहेरभाई कुलूप विकताना "लवकर परत या" म्हणत. धंदा वेगळा आणि माणूस वेगळा.

पार्बताबाई त्यातल्याच. नांदगाव खंडेश्वरकडचं त्यांचं गाव. मुलगा बुधाजी अमरावतीत वॉचमन झाला, तशा त्या आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आल्या. निघताना ताहेरभाईंचं, दाबलं की बंद होणारं कुलूप स्वतःच्या हातानं दाराला लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. कौंडण्यपूरच्या यात्रेत वर्धा नदीत बुडी मारली तेव्हा तो दोरा तुटला. किल्ली नदीला गेली.

बुधाजीचं म्हणणं सरळ होतं. पहार घ्यायची, कुलूप फोडायचं, नवं लावायचं. पार्बताबाईंनी त्याला असं झापलं की गल्लीनं ऐकलं.

"फोडलेल्या कुलपाचं घर गाव इचारत नाही, समजलं? आज कुलूप फोडशीन, उद्या लोक कवाड नेतीन, परवा आढं. लावलेलं कुलूप म्हंजे मालकीन येनार हाय. ते माह्या हातानं लावलं, ते धडच उघडलं पायजे."

त्या वर्षी त्यांना एकच ध्यास होता, भुलाबाई आपल्या घरात बसवायची. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई माहेराला येते. पोरी टिपऱ्या वाजवून तिची गाणी म्हणतात. शेवटी खिरापतीचा झाकलेला डबा हलवतात, आणि आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं असतं. पार्बताबाई म्हणायच्या, "तीन सालं झाली, माही भुलाबाई कुलूप पाहून माघारी जाते." हे त्या थट्टेत म्हणत नसत. डोळ्यांत पाणी यायचं.

वच्छला मधे पडली. "मी उघडून देतो." आमच्या इकडे बायकाही कधी कधी 'देतो' असंच म्हणतात. कशाच्या भरवशावर म्हणत होती ही? दहा कुलपांत तीन उघडत होती. पण एक गोष्ट मला ठाऊक होती. लहानपणी खिरापत ओळखण्यात वच्छलेचा हात कोणी धरला नव्हता. डबा एकदा हलवला की ही म्हणायची फुटाणे, आणि आत फुटाणेच असायचे. त्याच कानानं ती आता कुलपं ऐकत होती.

कोजागिरीच्या दिवशी आम्ही निघालो. वच्छला, पार्बताबाई, बुधाजी, त्याची दोन लेकरं, गल्लीतल्या टिपऱ्यावाल्या पोरी, मातीची भुलाबाई, खिरापतीचा डबा आणि माझ्या मांडीवर हत्यारांची पिशवी. एस.टी.च्या कंडक्टरनं पिशवीत डोकावून लाटणं, बत्ता, चप्पल, स्क्रूड्रायव्हर, डंबेल आणि मोगरी पाहिली. मग माझ्याकडे अशा सहानुभूतीनं पाहिलं की मला वाटलं, हा तिकिटाचे पैसे परत करतो की काय.

गावात पोचलो तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती. दाराशी निम्मं गाव. पोलीस पाटीलही हजर. मला ज्याची भीती होती तेच झालं.

"मास्तर, हे काय चाललं हाय?" पाटलांनी माझ्या हातातल्या बत्त्याकडे पाहत विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत पार्बताबाई कडाडल्या, "माह्याच घराचं कुलूप मी उघडून राहिली. तुमाले काहून तरास होते?"

पाटील ओट्यावर बसले आणि त्यांनी तंबाखू काढली. आता ते जाणार नव्हते.

वच्छलेनं किल्ली घातली. कुलूप गंजलेलं नव्हतं. बुधाजी सणासुदीला येऊन त्यात तेल सोडायचा, तेवढं आईचं ऐकायचा. स्क्रूड्रायव्हरची मूठ झाली. काही नाही. चप्पल झाली. काही नाही. लाटण्यानं ठोकताना ते हातातून निसटून पाटलांच्या पायाशी गेलं. कोणी म्हणालं, "पहार आना." बुधाजी खरंच पहार आणायला वळला. वच्छलेच्या कपाळावर घाम आला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती अशी हरलेली मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, आपण काही म्हणावं. मी म्हणालो, "डंबेल देऊ काय?"

"चूप बसा तुमी."

पोरी कंटाळल्या होत्या. त्यांनी अंगणात फेर धरला आणि टिपऱ्या सुरू केल्या. टिक टिक, टिक टिक. वच्छलेचा हात थांबला. मान तिरकी झाली, खिरापतीचा डबा ऐकताना व्हायची तशी. टिपरी टिपरीला लागते आणि लगेच मागे येते. वजन नाही, नुसती टिचकी.

"बाई," ती पार्बताबाईंना हळूच म्हणाली, "मले जे पायजे होतं ते हे हाय. पन भुलाबाईच्या टिपरीनं कुलूप कसं ठोकू? पाप नाही लागन?"

आता कळलं, घरात एवढी वर्षं टिपऱ्या असून हिनं त्यांना हात का लावला नव्हता. माझ्या डंबेल्सना मात्र पाप-पुण्य नव्हतं.

पार्बताबाईंनी नातीच्या हातातली टिपऱ्यांची जोडी घेतली आणि एक वच्छलेच्या हातात ठेवली. "आत कोनाले जाचं हाय? तिलेच ना? मंग तिची टिपरी तिच्या कामी नाही येनार त कोनाच्या येईन? ठोक."

वच्छलेनं डोळे मिटले. टिक. टिक. टिक. मग एक बारीक आवाज झाला, तो फक्त तिनंच ऐकला असावा, कारण ती आधी हसली आणि कुलूप नंतर उघडलं.

पार्बताबाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, उंबऱ्याला हात लावून हात कपाळाला लावला, आणि मग गावाकडे वळून म्हणाल्या, "झाडू द्या वं कोनी."

झाडू आठ घरांतून आले. दुपारपर्यंत घर सारवलं, भुलाबाई बसली, गाणी झाली. खिरापत ओळखायला पाटलांनाही बसवलं. ते म्हणाले पेढे. वच्छला डबा हातात न घेताच म्हणाली, "मुरमुरे." मुरमुरेच निघाले. पाटलांनी कोपरापासून नमस्कार केला.

एस.टी.ची वेळ झाली तेव्हा बुधाजीनं खिशातून कोरं कुलूप काढून आईपुढे धरलं, दोन किल्ल्यांचं. "बुढे, हे लाव आता. त्याची त किल्लीच नाही. एकदा दाबलं की पुन्हा या बाईशिवाय कोनी उघडनार नाही."

पार्बताबाईंनी जुनं कुलूप कडीत घातलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. खट् वाजलं. मग जोडीतली एक टिपरी कमरेला खोचली आणि दुसरी वच्छलेच्या पिशवीत घातली.

"पुढच्या साली येसान ना?" त्यांनी विचारलं.

वच्छलेनं नुसती मान डोलावली. उत्तर मी दिलं, शिट्टीसारखं खणखणीत: "येऊ!" लोक दचकले. मला रडू आवरायचं होतं.

आता आमच्या दाराशेजारी किल्ल्यांच्या खिळ्याला ती टिपरी टांगलेली आहे. घरी आलेला पाहुणा विचारतो, ही कशाची? मी सांगतो, पार्बताबाईच्या घराची किल्ली आहे.